भाच्याची एम२ : ऑर्डरच्या कागदापासून पहिल्या ऑइल चेंजपर्यंत

७ डिसेंबर २०२४, शनिवार

भाच्याने शेवटी बुकिंगचे पैसे भरले. बीएमडब्ल्यू एम२, तीही मॅन्युअल गिअरची. सुधारित मॉडेल गेल्या महिन्याअखेर भारतात आले, एक्स-शोरूम १ कोटी ३ लाख. ताईचा फोन दुपारीच आला होता. "अरे, एवढ्यात ठाण्यात फ्लॅट येतो. तू मामा ना त्याचा? बोल की काहीतरी."

मी बोललो नाही. पिंपरीच्या कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला ३१ वर्षे काढली. दुसऱ्यांच्या हजारो गाड्यांना ओके टॅग लावला, पण घरात आलेली सगळ्यात महाग गाडी म्हणजे माझी डिझेल हॅचबॅक. पोराने स्वतः कमावलेय, कर्ज डोईजड नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की वही मी ठेवणार आणि माझी सही झाल्याशिवाय गाडी ताब्यात घ्यायची नाही. तो हसला, पण कबूल झाला.

पहिल्या पानावर गाडीची कुंडली. तीन लिटरचे सहा सिलिंडर एका रांगेत, दोन टर्बो, ४८० अश्वशक्ती, मागची चाके ओढणारी. ऑटोमॅटिक घेतली तर टॉर्क ६०० न्यूटन-मीटर आणि शून्य ते शंभर ४.० सेकंदांत. मॅन्युअलला टॉर्क ५५० आणि वेळ ४.२. म्हणजे हा पठ्ठ्या हळू गाडी मागून घेतोय. मला आवडले.

निवडलेले ऑप्शन : मॅन्युअल गिअरबॉक्स, कार्बन फायबरचे छत, कार्बनच्या बकेट सीट, एम ड्रायव्हर्स पॅकेज, लाल ब्रेक कॅलिपर (ब्रेकची तबकडी पकडणारे चिमटे). रंग झांडवूर्ट निळा.

१५ डिसेंबर, रविवार

ऑर्डर कन्फर्मेशनची प्रिंट काढून सकाळभर बसलो. ब्रोशर म्हणजे लग्नाचा बायोडेटा, त्यात सगळेच गोरे आणि मनमिळाऊ. मालाचा कागद वेगळा. तो म्हणजे हे कन्फर्मेशन. प्रत्येक ऑप्शनपुढे तीन अक्षरांचा-आकड्यांचा कोड असतो. ३२२ म्हणजे किल्ली खिशात ठेवून दार उघडणे, ६८८ म्हणजे हरमन कार्डनचे स्पीकर, ४९४ म्हणजे गरम होणाऱ्या पुढच्या सीट. भांडायची वेळ आली तर नाव नाही, कोड दाखवायचा. नावात पळवाटा असतात.

वहीत तीन रकाने पाडले. एक, नुसते बघून कळणारे : छत, सीट, चाके, कॅलिपर. दोन, बटण दाबून किंवा स्क्रीनमध्ये शिरून कळणारे. तीन, कशानेच न कळणारे. तिसऱ्या रकान्यात एकच नाव आले, पण ते भारी आहे. एम ड्रायव्हर्स पॅकेजमध्ये गाडीला एकही नवा नट-बोल्ट लागत नाही. २५० वर अडवलेला वेग २८५ पर्यंत मोकळा होतो, बस. आपल्या समृद्धी महामार्गावर मर्यादा १२०, मुंबई-पुणे द्रुतगतीवर १००. मग हे पैसे कशासाठी? भाचा म्हणाला, "मामा, असू दे ना." इन्स्पेक्टरला 'असू दे' चालत नाही, पण गिऱ्हाइकाला चालते.

खरी गडबड पहिल्याच रकान्यात निघाली. कन्फर्मेशनवर लाल कॅलिपरचा कोडच नाही. म्हणजे स्टँडर्ड निळे येणार. भाचा म्हणतो, "शोरूममध्ये मी तोंडाने सांगितले होते." सही करताना वाचले नव्हते का, विचारले. नव्हते. बदल करायची मुदत अजून आहे म्हणे. त्याने लगेच सेल्सच्या पोराला मेसेज टाकला, तिकडून अंगठा आला. "झाले मामा." अंगठ्याने कारखाना चालत नाही, सुधारित कागद मागव, असे सांगितले.

सुधारित कन्फर्मेशन : बाकी.

१२ जानेवारी २०२५, रविवार

ठाण्याला गेलो होतो. गाडी यायला वेळ आहे, पण पार्किंग आजही तिथेच आहे. भाच्याच्या सोसायटीत दुमजली स्टॅक पार्किंग. गाडीची रुंदी आरसे सोडून १,८८७ मिमी. गाडी उभी राहते त्या तळाच्या फलाटाची आतली रुंदी टेपने मोजली. चाक बसेल, पण दोन्हीकडे तळहाताएवढीच जागा. वर चढवायला अडचण वजनाची नाही, गाडी सतराशे किलोच्या आसपास. अडचण रिमची. फलाटाच्या लोखंडी काठाला एकदा घासली की २० इंची रिमचा काठ गेला. सेक्रेटरींशी बोलून खालची, भिंतीकडची मोकळी जागा बदलून घेतली. बदल्यात भाच्याने गणपतीची वर्गणी दुप्पट कबूल केली.

रॅम्पच्या तोंडाशी एक कडा आहे. गाडीच्या नाकाखाली किती जागा आहे त्या मापाचा पुठ्ठा कापून, फळीला बांधून, दोघांनी फळी रॅम्पवरून चालवत नेली. वॉचमनला वाटले आम्ही पालखी नेतोय. सरळ गेले तर पुठ्ठा घासतो, तिरके गेले तर जातो. तिरके जायचे.

९ फेब्रुवारी, रविवार

गाडी बनून तयार असल्याचा मेल आला. ताईला वाटत होते जर्मनीहून येते. जगभरातल्या सगळ्या एम२ मेक्सिकोत, सान लुइस पोतोसीच्या कारखान्यात बनतात. ती जरा नाराज झाली, "मेक्सिको म्हणजे ते तिखट खातात ते ना?" मग जावयाने समजावले, की मिरची तिकडूनच आपल्याकडे आली.

माझ्या कामाची गोष्ट एकच. उत्पादनाचा महिना जानेवारी २०२५ पडला. डिसेंबर २०२४ पडला असता, तर महिनाभराच्या फरकासाठी विकताना वर्षाची घट सोसावी लागते.

सुधारित कन्फर्मेशनबद्दल विचारायचे राहिले.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आज घ्यायचे ठरले होते. गाडी अजून समुद्रात. भाच्याचे तोंड कडुनिंब खाल्ल्यासारखे. नवा मुहूर्त अक्षय्य तृतीया, ३० एप्रिल. साडेतीनातला एक गेला, एक मिळाला.

१९ एप्रिल, शनिवार

यार्डातली तपासणी. आजचे पान मोठे होणार.

शोरूमवाल्यांचा आग्रह होता, की २९ तारखेला संध्याकाळी शोरूममध्येच बघा, तोवर गाडी पॉलिश करून ठेवतो. मी नको म्हटले, त्याला दोन कारणे. शोरूमच्या दिव्याखाली बैलगाडीसुद्धा चकाकते. आणि तोवर गाडी भाच्याच्या नावावर नोंदवलेली असणार. एकदा आरटीओत नाव चढले, की दोष सापडला तरी 'दुरुस्त करून देतो' एवढेच हाती लागते, 'दुसरी द्या' म्हणता येत नाही. तपासणी पासिंगच्या आधी. सेल्सचा पोरगा भला आहे, त्याने साहेबांकडून परवानगी काढून दिली.

सकाळच्या सिंहगडने कल्याणला उतरलो, भाचा तिथून भिवंडीजवळच्या यार्डात घेऊन गेला. पिशवीत टॉर्च, रंगाची जाडी मोजायचे मीटर, टायर गेज, फटी मोजायचे फीलर गेज, पांढरा सुती पंचा आणि वही. यार्डातला माणूस म्हणाला, "काका, धुऊन आणतो." नको. घाईत फडका मारला, की धुळीच्या बारीक रेघा रंगात बसतात, आणि मग त्या जहाजात पडल्या की इथे, ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आधी धुळीसकट चारही बाजूंनी फोटो, मग ओल्या पंचाने एकेक पॅनल.

चॅसिस नंबर तीन जागी पाहिला : काचेखाली, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, आणि बॉडीवर ठोकलेला. तिन्ही सारखे, आणि तिन्ही इनव्हॉइसच्या मसुद्याशी जुळणारे. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून लोक ते सोडतात. एक आकडा चुकलेला कागद घेऊन फिरलेल्या माणसाला विचारा.

टायर. पुढे २७५/३५ आर १९, मागे २८५/३० आर २०. पुढची चाके १९ इंची, मागची २०. ही चूक नाही, गाडीच अशी आहे. त्यामुळे पुढची चाके मागे टाकून झीज वाटून घ्यायची सोय नाही. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर २०२४ च्या शेवटच्या तिमाहीतले. हवा भरपूर जास्त. जहाजात महिनोन्‌महिने एका जागी उभे राहून टायर चपटे पडू नयेत म्हणून ती तशीच भरून पाठवतात. देताना उतरवली पाहिजे. लाल शाईत लिहिले, कारण हे विसरणारे वर्कशॉप मी पाहिलेय. गिऱ्हाईक महिनाभर 'सस्पेन्शन फार कडक आहे' म्हणत फिरते.

त्याच कारणाने खाली वाकून चारही स्प्रिंगांमध्ये टॉर्च मारला. जहाजातून येणाऱ्या गाड्यांना बांधल्यावर हलू नयेत म्हणून स्प्रिंगच्या वेटोळ्यांत ठोकळे घालतात. आमच्याकडे एक्स्पोर्टच्या गाड्यांना आम्हीच घालायचो. ठोकळे दिसले नाहीत.

रंग. पोलादी पॅनलांवर मीटर ११० ते १३० मायक्रॉन, सगळीकडे एकसारखे. चांगले. कुठे २५०-३०० दिसले असते, तर तिथे पुन्हा रंग मारलाय हे नक्की. बॉनेटवर मीटर ठेवले आणि पोटात गोळा आला. आकडाच येईना. दुसरीकडे ठेवले, तिसरीकडे ठेवले, नाही. भाचा माझ्या तोंडाकडे बघतोय. मग आठवले, की बॉनेट अॅल्युमिनियमचे, पुढचे फेंडरही, आणि माझे मीटर जुन्या जमान्यातले, फक्त लोखंडावर चालणारे. आमच्या लाइनवर अॅल्युमिनियम नव्हतेच. बॉनेट मग उन्हाकडे तिरके बघून, बोट फिरवून, जुन्या रीतीने पाहिले. ठीक.

छत कार्बनचे, विणीसकट वार्निश केलेले. स्टीलच्या छतापेक्षा सुमारे ६ किलो वाचतात. भाचा म्हणे, वजन अगदी वरून कमी झाले की गाडी वळणावर कमी डोलते. तत्त्व बरोबर आहे. पण सहा किलो म्हणजे ताई दर दिवाळीला देते तो फराळाचा डबा. विणीचे पट्टे मध्यरेषेपाशी नीट जुळलेत, कडेला बुडबुडा नाही. उजव्या मागच्या कोपऱ्यावर वार्निशमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका दिसला. फोटो काढला, नोंद केली. तो नंतर नखाने निघाला. डिंक होता.

सीट. पाठीत भोके, बाजूला उंच भिंती, आणि बैठकीवर दोन मांड्यांच्या मध्ये कार्बनची उंच कड. दोन्ही मिळून दहा किलोच्या वर वजन वाचते. मोटार लावून पुढे-मागे, वर-खाली, सगळे चालते. मी एकदा बसलो. बसताना बसलो. उतरताना भाच्याने हात दिला. वहीत लिहिले, 'बैठक घट्ट, मान्य.' हे वाक्य पुढे महागात पडणार होते.

दुसरा रकाना. चाके घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलच्या दहा पायऱ्या, स्टिअरिंगवरची एम१ आणि एम२ ही लाल बटणे, लॅप टायमर, आणि ड्रिफ्ट अॅनालायझर. गाडी मुद्दाम मागून घसरवली, तर किती वेळ, किती कोनात घसरवली ते मोजून तारे देते. शाळेतल्या बाईंसारखे. आम्ही ३१ वर्षे गाडी घसरू नये म्हणून मरमर केली, आता घसरल्याबद्दल तारे. एक बटण मात्र मला सापडेना. गिअर किती झटक्यात बदलायचा ते ठरवणारे, ड्राइव्हलॉजिक नावाचे. लाल शाईत : 'गायब.'

स्टेपनी नाही, जॅक नाही. पंप आणि पंक्चर बुजवायच्या द्रवाची बाटली. कागदावरही तसेच, म्हणून दोष नाही. दीड पायली पैसे मोजून स्टेपनी नाही हे ताईला अजून सांगितलेले नाही.

आणि कॅलिपर. पुढे सहा पिस्टनचे भले मोठे. निळे.

भाचा काही बोलला नाही. मीही नाही. वहीचे १५ डिसेंबरचे पान उघडले, तिथे माझ्याच अक्षरात 'बाकी' आहे, आणि फेब्रुवारीत 'विचारायचे राहिले'. आमच्या लाइनवर असा उघडा मुद्दा ठेवून पुढे गेलेल्या पोरांना मी उभे-आडवे घेतले आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

फोनवर उत्तरे. सेल्सच्या पोराने चॅसिसचे शेवटचे सात आकडे घालून गाडीची कारखान्यातली यादी काढली आणि स्क्रीनचा फोटो पाठवला. आम्ही कोड एकेक करून वाचले, भाचा ठाण्याहून, मी चिंचवडहून. ड्रायव्हर्स पॅकेज आहे. तिसऱ्या रकान्याचा एकमेव मुद्दा बंद. डोळ्याला न दिसणारे ऑप्शन असेच तपासायचे, गाडीत नाही, कारखान्याच्या यादीत. शोरूमने 'आहे हो' म्हटले म्हणून सोडायचे नाही, यादी दाखवा म्हणायचे. दाखवतात.

लाल कॅलिपर यादीत नाहीत. अंगठा आला होता, पण तो पुढे गेलाच नाही. पोरगा रडवेला झाला. "सर, इथे लाल रंगवून देतो, फुकट." मी नको सांगितले. कॅलिपर दर ब्रेकला तापतो. कारखान्याचा रंग त्या उष्णतेसाठी भाजून बसवलेला असतो. त्यावर इथे मारलेला रंग वर्षभरात पिवळट होऊन पापुद्रे सोडणार. त्याऐवजी पहिल्या सर्व्हिसची मजुरी माफ, असे ठरले, आणि या वेळी ते कागदावर आले. भाचा संध्याकाळी म्हणाला, "निळ्या गाडीला निळे शोभतात, मामा." शोभतात. पण ते त्याने मला बरे वाटावे म्हणून म्हटले हे मला कळते.

'गायब' ड्राइव्हलॉजिक : ते फक्त ऑटोमॅटिकला असते. मॅन्युअलमध्ये गिअर किती झटक्यात बदलायचा ते ड्रायव्हरचा हात ठरवतो. लाल शाईवर काट मारली आणि बाजूला स्वतःची सही केली. चुकीची नोंद खोडायची नाही, काट मारून सही करायची, हा नियम माझाच.

२५ एप्रिल, शुक्रवार

पैशांचा दिवस. आयात गाडीवर महाराष्ट्रात २० टक्के कर, पण कमाल २० लाख. मार्चच्या अर्थसंकल्पात ही मर्यादा ३० लाखांवर न्यायची घोषणा झाली आहे, म्हणजे गाडी आणखी लांबली असती तर खिसा आणखी कापला असता. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला कर, तो आयकरात वळता होतो.

विम्यात एक गोष्ट पकडली. प्रपोजलमध्ये गाडीची किंमत ऑप्शन सोडून धरली होती. छत आणि सीट कारखान्यातून आल्यात, इनव्हॉइसमध्ये आहेत, मग विम्याच्या किमतीतही आल्या पाहिजेत. नाहीतर उद्या गाडी ठोकली, तर कंपनी साध्या सीटचे पैसे देईल. हप्ता थोडा वाढला. भाचा कुरकुरला. कुरकुरू दे.

२९ एप्रिल, मंगळवार

रात्री आठनंतर शोरूमच्या मागच्या अंगणात दिवे पाहिले. दिवसा दिवे तपासणे म्हणजे उन्हात पणती बघणे. समोरच्या भिंतीवर दोन्ही झोत एका उंचीवर. नंबरप्लेट लागली आहे, हाय-सिक्युरिटीची, स्नॅप-लॉकसकट. टायरची हवा उतरवलेली, दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे. किल्ल्या दोन. किलोमीटर १४.

वहीवर सही केली. गेली सात वर्षे कुणी माझ्या सहीची वाट पाहिली नव्हती.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

शोरूममध्ये लग्नाच्या हॉलसारखी गर्दी. एकामागोमाग गाड्यांवरची कापडे ओढली जात होती, प्रत्येकीला टाळ्या.

पूजेचे नियम मी आदल्या दिवशीच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले होते. हाराला तार असते, हार बॉनेटवर नाही, आतल्या आरशालाही नाही. स्वस्तिक काचेवर काढा. हळद-कुंकू ओले करून नव्या रंगावर लावले की डाग राहतो, आणि पुसताना कोरडा हात फिरवला की रेघा. नारळ गाडीपासून चार हात दूर. लिंबू मात्र चाकाखाली ठेवा, टायरला काही होत नाही. ताईच्या जाऊबाईंना राग आला. "तपासनीस आहेत की भटजी?" पण ऐकले सगळ्यांनी.

मग ताईला बसवायचे ठरले. पहिला मान तिचा. नवी पैठणी नेसून आली होती. दार उघडले, ती आडवी बसायला गेली, बाजूची उंच भिंत आडवी आली. मग पाय आत घेतले, तर मध्ये ती कार्बनची कड. साडीत दोन पाय कडेच्या दोन बाजूंना टाकून बसता येत नाही. ती एका मांडीवर तिरपी बसली, फोटो निघाले, सगळे हसले. उतरताना मात्र तिला उतरताच येईना. गुडघा दुखरा, पकडायला काही नाही, आणि हसून हसून अंगात जोर नाही. मी आणि भाच्याने दोन्ही काखांत हात घालून वर काढले. पैठणीचा काठ कडेला घासला.

घरी येताना ती माझ्या हॅचबॅकमध्ये होती. "अरे, ३१ वर्षे तपासणी केलीस ना?" एवढेच म्हणाली.

वहीत १९ एप्रिलच्या 'बैठक घट्ट, मान्य' वर काट मारली. सही केली. पुढे लिहिले : साडीतल्या माणसासाठी नाही. कन्फर्मेशनच्या कुठल्याच कोडमध्ये हे येत नाही, आणि माझ्या तीन रकान्यांतही आले नाही.

३ मे, शनिवार

पेट्रोल. इंजिनाला ९८ ऑक्टेनची शिफारस आहे. इंडियन ऑइलचे एक्सपी १०० डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यात मिळते, पण प्रत्येक पंपावर नाही. भाच्याने घरापासून ऑफिसपर्यंतचे पंप नकाशावर खुणा करून ठेवलेत. टाकी ५२ लिटरची. किंमत विचारू नका म्हणाला, म्हणून विचारली नाही.

रंगावर पारदर्शक फिल्म बसवून आली. कडा बंपरच्या आत वळवल्यात, ब्लेड रंगावर चालवलेले नाही. मी भिंग घेऊन पाहिले. काम करणारा मुलगा शांत, नाशिककडचा. त्याला म्हटले, आमच्या लाइनवर असतास तर ठेवून घेतला असता.

ताईने चौकशी केली, मागच्या सीटवर बसता येईल का. येईल, पण तिथवर पोचायचे कसे?

१८ मे, रविवार

रनिंग-इन, म्हणजे नवे इंजिन हळूहळू रुळवणे, सुरू आहे. २,००० किमी होईपर्यंत ५,५०० आरपीएमच्या वर नाही, ताशी १७० च्या वर नाही, पेडल तळाला नाही. दुसरी अट आपल्याकडे आपोआप पाळली जाते. महत्त्वाचे म्हणजे एकाच वेगाने कंटाळत जायचे नाही. इंजिनाचा वेग सतत खाली-वर होत राहिला पाहिजे, तरच पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसतात. त्या हिशेबाने आपला घाट उत्तम. भाचा दर रविवारी पहाटे माळशेजला जातो, नाश्त्याला परत. आतापर्यंत १,१६० किमी.

सोसायटीच्या रॅम्पवर एकदा सरळ गेला. पुढच्या ओठाला खाली ओरखडा. दिसत नाही, पण मला दाखवला. फळी चालवत नेली होती ना आपण, म्हणालो.

७ जून, शनिवार

२,०४० किमी. रनिंग-इन सर्व्हिस. इंजिन ऑइल, फिल्टर, आणि मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीचे, ऑइल बदलले. साध्या गाड्यांना ही सर्व्हिस नसते. एम गाड्यांना असते, आणि चुकवली तर पुढे वॉरंटीच्या वेळी प्रश्न विचारतात. नवीन दाते एकमेकांवर घासून बसताना जो चुरा सुटतो, तो पहिल्याच ऑइलबरोबर बाहेर काढायचा. मेकॅनिकला सांगून डिफरन्शियलचा ड्रेन प्लग पाहिला. चुंबकावर राखाडी साय, शेवटी मऊ. कण टोचत नाहीत. छान.

मजुरी माफ, कागदाप्रमाणे. ऑइलचे पैसे भरले.

ताई सोबत आली होती. पंजाबी ड्रेस घालून. आता ती आधी पाठमोरी टेकते, मग दोन्ही पाय एकदम आत फिरवते, आणि उतरताना तेच उलटे. तिने हे घरी खुर्चीवर सराव करून बसवले आहे. परत जाताना पुढे तीच बसणार, म्हणून मला रिक्षाने जायचे होते.

पण भाच्याने बाहेरच्या गल्लीत किल्ली माझ्या हातात ठेवली. गाड्या लाइनवरून यार्डापर्यंत नेण्यात आयुष्य गेले, पहिल्या गिअरमध्ये, ताशी दहाने. मी बसलो. ताईने बाजूला बसून पट्टा लावला. फाटकापर्यंत दोनदा बंद पाडली. क्लच जड नाही, फक्त वरच धरतो. तिसऱ्यांदा गेली.

नोंद : दोष गाडीचा नाही.